अॅड्सचे पैसे कमी झाले म्हणून आणखी अॅड्स लावू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही डिचोलीहून गोव्यातली देवळं, जत्रा आणि घरचं जेवण यावर मराठीत साईट चालवता, महिन्याला साधारण ६० हजार पेजव्ह्यूज आहेत, पैसे दोनच ठिकाणाहून येतात, एक अॅडसेन्स (गूगलच्या जाहिराती) आणि दुसरा हॉटेल बुकिंगचा अॅफिलिएट प्रोग्राम, म्हणजे तुमच्या लिंकवरून बुकिंग झालं की कमिशन. त्या प्रोग्रामने एक मेल टाकून कमिशन जवळपास निम्म्यावर आणलं आणि त्याच सुमाराला अॅडसेन्सचा आरपीएम (हजार पेजव्ह्यूजमागे मिळणारे पैसे) पण घसरला. आता दुसरं अॅड नेटवर्क घेऊ का, दुसरा अॅफिलिएट जोडू का, की सरळ साईट इंग्रजीत करून टाकू, असं विचारलंय.

मी फोंड्यात बसून हाच धंदा करतो, स्वतःच्या साईट्स आहेत आणि दुसऱ्यांच्या साईट्सचे हिशेब पण बघतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सवडीने वाचा.

दुसरं नेटवर्क घेतल्याने तुमचा प्रश्न सुटणार नाही. चार पैसे वाढतील कदाचित, पण ट्रॅफिक तेच गूगल सर्चमधून येणारं, दर ठरवणारा माणूस तुमच्या ओळखीचा नाही, त्याला तुम्ही फोन करू शकत नाही, भांडू पण शकत नाही. एकाच विहिरीवर दोन पंप बसवले म्हणून पाणी वाढत नाही. मी लोकांना एकच हिशेब करायला सांगतो, कागदावर उत्पन्नाच्या सगळ्या बाजू लिहा आणि प्रत्येकासमोर लिहा की उद्या सकाळी एक मेल आला तर यातलं किती जाईल. तुमच्या बाबतीत दोन मेलमध्ये सगळं संपतं. आणि त्याच्या मागे तिसरी गोष्ट, गूगलचा एक सर्च अपडेट, तो आला तर मेल यायची पण गरज नाही. पैसे देणारी माणसं वेगवेगळी पाहिजेत आणि वाचक तुमच्यापर्यंत येण्याच्या वाटा पण वेगवेगळ्या पाहिजेत, हे दोन्ही झालं तरच उत्पन्न पसरलं म्हणायचं, नाहीतर नुसतं डॅशबोर्डची संख्या वाढते.

आता हे फक्त तुमच्यासोबत झालं असं वाटून घेऊ नका. अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या अॅफिलिएट प्रोग्रामने एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, घर-फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर, आणि नोटीस होती फक्त आठवडाभराची. त्याआधी २०१७ मध्ये जास्त विक्रीला जास्त टक्का ही पद्धतच त्यांनी काढून टाकलेली. यूट्यूबने २०१८ च्या सुरुवातीला जाहिरातीचे पैसे मिळायला १ हजार सबस्क्रायबर आणि ४ हजार तासांची अट घातली, हजारो छोटे चॅनल एका झटक्यात बाहेर. फेसबुकचे इन्स्टंट आर्टिकल्स २०२३ च्या एप्रिलमध्ये बंदच झाले. यात कोणी कोणावर डूख धरून काही केलं नाही, त्यांचा खर्च-नफा बसला नाही की पहिली कात्री पब्लिशरला, म्हणजे आपल्यासारख्या साईटवाल्याला, लागते, कारण पब्लिशर ओरडून काही होत नाही.

अॅडसेन्सचं मात्र थोडं वेगळं आहे आणि इथे घाई करू नका. खूप लोक म्हणतात अॅडसेन्सने शेअर कमी केला. २०२३ च्या शेवटी त्यांनी हिशेबाची नवी पद्धत जाहीर केली, आधी सरळ ६८ टक्के पब्लिशरला असं होतं, आता जाहिरातदाराच्या बाजूचा प्लॅटफॉर्म आपली फी आधी काढतो आणि उरलेल्याचे ८० टक्के तुम्हाला, आणि गूगलच्याच जाहिरातींचा हिशेब धरला तर ते परत साधारण ६८ च्या आसपास येतं. सोबत क्लिकऐवजी इम्प्रेशनवर, म्हणजे जाहिरात नुसती दिसण्यावर, पैसे सुरू झाले. म्हणजे तुमचा आरपीएम पडला तर तो बहुतेक वेळा शेअरमुळे नाही, दुसऱ्या कशामुळे तरी, आणि ते शोधल्याशिवाय उपाय करायचा म्हणजे अंधारात दगड मारणं.

शोधायचं कसं ते सांगतो. चालू महिना मागच्या महिन्याशी लावून बघू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावा. जानेवारीत सगळ्यांचंच पडतं, दिवाळी ते डिसेंबर जाहिरातदारांनी बजेट उडवलेलं असतं आणि नवीन वर्षात हात आखडतात. गोव्याच्या साईटला तर जून ते सप्टेंबर पण पातळच असतात, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले, दूधसागर धबधब्याच्या जीप बंद, शोधणारी माणसंच कमी. हे झाल्यावर बघा की पेजव्ह्यूज पडले की आरपीएम पडला, दोन वेगळी दुखणी आहेत. आरपीएम पडला असेल तर कुठल्या पानांवर पडला ते बघा, मोबाईलवर की डेस्कटॉपवर, आणि वाचक कुठल्या देशातून येतात ते बघा, कारण दुबई-मस्कतला असलेल्या गोंयकाराच्या एका पेजव्ह्यूला जे मिळतं ते इथल्या पेजव्ह्यूच्या कितीतरी पट असतं आणि तो वाचक कमी झाला की सरासरी कोसळते, ट्रॅफिक तेवढंच दिसतं आणि माणूस अॅडसेन्सला शिव्या घालत बसतो. पेजव्ह्यूज पडले असतील तर सर्च कन्सोल (गूगलचं साईटमालकांसाठीचं साधन) उघडा. तिथे इम्प्रेशन (सर्चमध्ये तुमचं पान दिसणं) तेवढेच आणि क्लिक कमी असं दिसत असेल तर गूगल उत्तर वरच देतंय, भारतात इंग्रजी आणि हिंदीसाठी ऑगस्ट २०२४ पासून ते एआयचं उत्तर सर्चमध्ये वर दिसतं आणि 'अमुक जत्रा कधी आहे' छापाच्या पानांना त्याचा सगळ्यात जास्त फटका, माणसाला तारीख मिळाली, तो आत कशाला येईल.

आता आकडे. समजा तुमचा आरपीएम ६० रुपये होता तो ३५ झाला. ६० हजार पेजव्ह्यूजवर म्हणजे ३६०० चे २१०० झाले. वाईट वाटतं मान्य आहे, पण १५०० रुपयांचा खड्डा भरायला पानावर आणखी चार अॅड्स कोंबणं म्हणजे मराठी वाचक, जो आधीच साध्या फोनवर आणि बसमध्ये नेटवर्क जाऊन-येऊन असताना वाचतोय, त्याला घालवणं. वर अॅडसेन्सचे पैसे १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत येत नाहीत, म्हणजे २१०० च्या हिशेबाने तुम्हाला चार-चार महिने वाट बघायची आहे. अॅडसेन्स काढू नका, असू दे, पण त्याला पगार समजू नका, वरचा खर्च भागला म्हणायचं. मी तर उलट सांगेन की ऑटो अॅड्समधून पूर्ण स्क्रीन झाकणाऱ्या आणि खाली चिकटून बसणाऱ्या बंद करा, पान हलकं ठेवा, कारण आता जे सांगणार आहे त्याला स्वच्छ पान लागतं.

ते म्हणजे स्थानिक जाहिरात, स्वतः जाऊन विकलेली. याच्यावर मी जास्त लिहितो कारण तुमच्या साईटला सगळ्यात जास्त पैसे इथे आहेत आणि सगळ्यात जास्त लोक इथेच लाजतात.

तुमचा वाचक कोण ते बघा. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी ही सगळी देवळं एकट्या फोंडा तालुक्यात, आणि यांचे कुळावी (हे ज्यांचं कुळदैवत ती घराणी) मुंबई, पुणे, बेळगाव, कारवारपर्यंत पसरलेले. ते वर्षातून एकदा, लग्नानंतर, मुंजीनंतर, बाळाला घेऊन येतातच. त्यांना समुद्र नको असतो, त्यांना अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) खोली मिळेल का, अभिषेकाला किती वाजता पोचायचं, आजीला पायऱ्या चढाव्या लागतील का, शाकाहारी जेवण कुठे, पाच देवळं एका दिवसात होतील का, गाडीवाला कोण, हे पाहिजे असतं. असा माणूस तुमच्या पानावर येतो आणि त्याला तुम्ही काय दाखवता, तर कुठल्यातरी लोन अॅपची जाहिरात, ३५ रुपये हजारी. आणि त्याच पानापासून दोन किलोमीटरवर एक होमस्टेवाला रिकाम्या खोल्या घेऊन बसलाय आणि बुकिंग पोर्टलला प्रत्येक बुकिंगमागे १५-२० टक्के मोजतोय. या दोघांच्या मध्ये तुम्ही आहात.

वर्षाला ६ हजार रुपये त्याने दिले तर ते तुमच्या आत्ताच्या आरपीएमने सुमारे १ लाख ७० हजार पेजव्ह्यूज झाले. एक माणूस. असे सात-आठ मिळाले की अॅडसेन्सचं वर्षाचं मागे पडतं.

विकायचं कसं. आरपीएम, इम्प्रेशन, डोमेन असलं त्याच्याशी काही बोलू नका, त्याला ते कळत नाही आणि कळायची गरज पण नाही. त्याच्या समोर बसा, त्याच्याच फोनवर त्यालाच टाईप करायला सांगा 'मंगेशी जवळ राहण्याची सोय', तुमचं पान वर येतं ते त्याला दिसू दे. येत नसेल तर जाऊ नका, आधी पान वर आणा. मग सांगा की इथे तुमचं नाव, दोन फोटो, खोल्या किती, पार्किंग आहे का, जेवण मिळतं का, आणि एक व्हॉट्सअॅपचं बटण. ते बटण असं करायचं की दाबलं की मेसेज आपोआप लिहिलेला यावा, 'नमस्कार, तुमच्या खोल्यांबद्दल अमुक साईटवर वाचलं, या तारखांना खोली आहे का?' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कारण मग गिऱ्हाईक तुमच्याकडून आलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही, मालकाला रोज स्वतःच्या फोनवर दिसतं, आणि वर्ष संपल्यावर रिन्यूअल मागायला गेलात की तो आकडे विचारत नाही, चहा विचारतो.

दर ठरवताना त्याच्या खोलीच्या भाड्यात बोला. दीड-दोन हजाराची खोली असेल तर वर्षाचे ६ हजार म्हणजे तीन-चार रात्री, बस. महिन्याचे ५०० सांगाल तर तो दर महिन्याला विचार करेल देऊ का नको, आणि पावसात तर बंदच करेल, म्हणून वर्षाचेच घ्या आणि आगाऊ घ्या. कधी जायचं हे पण आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी जाऊ नका, कोणाच्या हातात पैसे नसतात आणि सगळे घर रंगवण्यात. चवथ झाल्यावर, सीझनची तयारी सुरू होते तेव्हा जा, सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा माणूस खर्चाच्या मूडमध्ये असतो. डिसेंबरात गेलात तर भेटायला वेळ नसतो, मेमध्ये गेलात तर म्हणेल आता पाऊस येणार.

काही जण म्हणतील पैसे कशाला, आमच्याकडे येऊन चार दिवस राहा. नको म्हणा, गोडीत म्हणा. तुम्ही डिचोलीत राहता, तुम्हाला फोंड्यातली फुकटची खोली काय करायची.

दोन नियम पक्के ठेवा. एका पानावर तीनच्या वर घेऊ नका, चौथ्याला वेटिंगवर ठेवा, त्याने दर पण टिकतो. आणि होमस्टे असेल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का ते विचारा, १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली ती लागते, सर्टिफिकेटचा फोटो मागून ठेवा. उद्या काही लफडं झालं तर 'तुमच्या साईटवर बघून गेलो' हे वाक्य तुमच्याकडेच येणार. आणि जागा पैसे घेऊन दिली असेल तर तिथे ठळक 'जाहिरात' असं मराठीत लिहा, जाहिरातवाल्यांच्या परिषदेचे म्हणजे एएससीआयचे नियम २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्ये पण तेच सांगितलंय. आणि खरं सांगू, जाहिरात लिहिल्याने क्लिक कमी होत नाहीत, मराठी वाचक जाहिरात वाचतो, त्याला लपवलेली जाहिरात आवडत नाही एवढंच.

होमस्टे झाले की तिथेच थांबू नका. जत्रेची पानं आहेत ना तुमची? गावोगाव उत्सवात मराठी नाटकं होतात, त्यांना नेपथ्य, पडदे, वेशभूषा, साऊंड-लाईट भाड्याने लागतं आणि हे पुरवणारे लोक अजून तोंडातोंडी चालतात, त्यांची एक यादी कुठे धड नाही. तसंच आचारी, मांडववाले, हॉल, मुंजीचे फोटोग्राफर. ही पानं सर्चमध्ये कमी लोक शोधतात, पण जे शोधतात त्यांना खरंच पाहिजे असतं, आणि अॅडसेन्स या पानावर दहा रुपये देणार नाही आणि पुरवठादार मात्र खुशीत वर्षाचे दोन-तीन हजार देतो. हे मला व्यक्तिशः फार आवडतं काम, कारण यात कोणी परदेशातला माणूस मेल टाकून दर कापू शकत नाही.

दुसरी बाजू, वाचकाकडून पैसे. इथे लोक ई-बुक काढतात, गोव्याची माहिती पन्नास पानं, आणि कोणी घेत नाही, कारण माहिती फुकट मिळते. विकायची ती तयारी, माहिती फुकट राहू दे. 'मुंबईहून कुटुंबासोबत कुळदेवतेला: दोन दिवसांचा बेत' असं काहीतरी करा, त्यात सकाळी कुठून निघायचं, कुठल्या देवळात आधी, पूजेची पावती कुठे करायची, कुठे पायऱ्या आहेत, सोवळं-ओवळं काय, मोबाईल चालतो का, मोपा विमानतळाला उतरलं तर कसं यायचं आणि दाभोळीला उतरलं तर कसं, फोन नंबर, सगळं एका जागी, व्हॉट्सअॅपवर पाठवता येईल असं पीडीएफ, मोठ्या अक्षरात कारण वाचणार काका-काकू. ९९ किंवा १४९ रुपये. आणि दर वर्षी जत्रांच्या तारखा बदलून नवीन काढायचं, तिथीवर चालणाऱ्या जत्रा असल्याने जुनं आपोआप शिळं होतं आणि हीच त्याची खरी खुबी, मंगेशीची जत्रा माघ पौर्णिमेला हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी यंदा ती कुठल्या वारी येते आणि त्या दिवशी दर्शनाची रांग टाळायची तर काय, हे नाही ठाऊक. पाच देवळांपैकी प्रत्येकाच्या कमिटीला फोन करून वेळा दरवर्षी तपासा मात्र, कारण पैसे दिलेल्या माणसाला एक वेळ चुकली तरी तो दहा जणांना सांगतो.

पैसे घ्यायचे कसे ते पण सांगतो कारण इथे परदेशी सल्ले चालत नाहीत. पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेणं बंद केलंय. स्ट्राईप आपल्याकडे नवीन लोकांना सहजासहजी खातं देत नाही आणि सबस्टॅकसारख्यांचे पैसे स्ट्राईपवरूनच जातात, म्हणजे तो रस्ता पण बंद समजा. रेझरपेसारखा इथला गेटवे (ऑनलाईन पैसे घेऊन देणारी कंपनी) घ्या, साधारण २ टक्के आणि वर त्या फीवर जीएसटी. आणि महिन्याची मेंबरशिप ठेवू नका. रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापायचे नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाले तेव्हापासून कार्डावरची छोटी छोटी सबस्क्रिप्शन मध्येच तुटतात, मँडेट (आपोआप कापायची परवानगी) फेल, माणूस पुन्हा करत नाही. वर्षाचे एकदाच यूपीआयने ३०० रुपये, संपलं. पुढच्या वर्षी आठवण पाठवा. मेंबरला काय द्यायचं तर जाहिरातीविना साईट, पीडीएफ फुकट आणि प्रश्न विचारायची मुभा, जास्त आश्वासनं देऊ नका, पाळताना दमछाक होते.

फेणी विका, काजू विका, खोला गावची मिरची विका हे तुम्हाला कोणीतरी सांगणारच. फेणी सोडा, कुरियरने राज्याबाहेर पाठवायची भानगड म्हणजे अबकारी खातं मागे लावून घेणं. मिरची, सोलां (आमसुलं), खाजें (जत्रेतला गोड खाऊ) चालतं, खोला मिरचीला आणि खाज्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, पण स्वतः माल भरू नका, अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, पॅकिंग, पावसात बुरशी, आणि अर्धा किलो मिरचीचं कुरियर मिरचीच्या निम्म्या किमतीत. महिला मंडळ किंवा बचत गट आधीच विकत असेल तर त्यांच्याशी कमिशन ठरवा, ऑर्डर त्यांच्या नंबरवर, तुम्हाला महिन्याकाठी हिशेब. पैसा मोठा नाही, पण रेसिपीच्या पानावर शोभतो.

आता अॅफिलिएटबद्दल. जुना प्रोग्राम निम्मं कमिशन देतोय तरी लिंक काढायची गरज नाही, पण कुठल्या पानावर त्याची जागा स्थानिक जाहिरातीला द्यायची ते ठरवा. दुसरा प्रोग्राम घेणार असाल तर टक्का बघायच्या आधी तीन गोष्टी बघा, कुकी, म्हणजे तुमच्या लिंकवरून गेल्याची नोंद, किती दिवस चालते (अॅमेझॉनची २४ तास, हॉटेलसारख्या आठवडाभर विचार करून घेतलेल्या गोष्टीला तेवढं पुरत नाही), कॅन्सल झालेल्या बुकिंगचं काय, आणि कमीत कमी किती जमल्यावर पैसे सोडतात. छोट्या साईटचे निम्मे पैसे या तिसऱ्या अटीतच अडकून पडतात.

एक सावधगिरी. आरपीएम पडला की त्याच आठवड्यात तुम्हाला मेल येतील, 'तुमच्या साईटवर एक पोस्ट टाका, ५० डॉलर देतो, लिंक डूफॉलो पाहिजे', म्हणजे गूगल जिला शिफारस धरतं अशी लिंक. गोव्याच्या साईटला तर कॅसिनो आणि बेटिंगवाले जास्तच. घेऊ नका. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला स्पॉन्सर्ड असा टॅग लावायचा असतो, तो ते लावू देत नाहीत, आणि २०२४ पासून गूगल दुसऱ्याचा माल आपल्या साईटच्या नावावर खपवणाऱ्यांना सरळ पाडतं. बेटिंगचं तर ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने पैसे लावायच्या खेळांची जाहिरातच गुन्हा केलीय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ५० डॉलरसाठी.

वाचक येण्याच्या वाटेबद्दल वर म्हणालो होतो. ६० हजारातले किती लोक तुमचं नाव टाईप करून येतात ते बघा, फार थोडे असतील. त्यांना परत बोलवायचा मार्ग स्वतःकडे हवा. आपल्या लोकांना ईमेलची सवय नाही हे खरं, पण कुळाव्यांमध्ये निवृत्त माणसं खूप आहेत आणि ती ईमेल वाचतात, नीट वाचतात, उत्तर पण देतात. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, म्हणून मोठ्या संख्येला चॅनल करा, पण चॅनल व्हॉट्सअॅपच्या मालकीचं आहे हे डोक्यात ठेवून. ईमेलची यादी तुम्ही उतरवून घेऊ शकता, दुसरीकडे नेऊ शकता. प्रत्येक देवळाच्या पानाखाली एवढंच लिहा, 'या देवळाच्या पुढच्या जत्रेची तारीख ठरली की कळवू का?' आणि ईमेलचा रकाना. 'न्यूजलेटरला सबस्क्राईब करा' लिहिलंत तर कोणी करणार नाही.

हिशेबाचं थोडक्यात. स्थानिक जाहिरातदाराला साधं का होईना बिल द्या, नाव, पॅन, काय दिलं, किती महिने. सेवांचं वर्षाचं उत्पन्न २० लाखाच्या आत असेपर्यंत तुम्हाला जीएसटी नोंदणी लागत नाही, परदेशातून आलेले पैसे आणि अॅफिलिएटवर कापलेला टीडीएस हे सीएला दाखवा, टीडीएस बऱ्याच जणांचा परत मिळण्यासारखा असतो आणि कोणी मागत नाही.

उत्पन्नाची वाटणी कशी असावी असं विचाराल तर माझं मत, दोन वर्षांनी कुठल्याही एका देणाऱ्याकडून ४० टक्क्यांच्या वर येता कामा नये, आणि त्यात अॅडसेन्स आणि सगळे अॅफिलिएट मिळून एकच देणारा धरा. पहिल्या वर्षी फक्त स्थानिक जाहिरात करा, पीडीएफ दुसऱ्या वर्षी, दोन्ही एकदम सुरू केलं की लिहिणं थांबतं आणि मग विकायला काही उरत नाही.

आणि इंग्रजी. इंग्रजी पानांना आरपीएम जास्त मिळतो हे खरं, पण तिथे तुमची गाठ मोठमोठ्या ट्रॅव्हल कंपन्यांशी आणि गूगलच्या वरच्या उत्तराशी आहे, आणि गोव्याचे बीच या विषयावर इंग्रजीत आणखी एका पानाची कोणाला गरज नाही. मराठीत कवळ्याच्या देवळावर नीट, तपासून लिहिणारे हातावर मोजण्याएवढे आहेत. करायचीच असतील तर दोन-तीनच पानं इंग्रजीत करा, परदेशात वाढलेल्या कुळाव्यांच्या मुलांसाठी, ज्यांना आईवडिलांना घेऊन यायचंय आणि मराठी वाचता येत नाही, आणि त्या पानांवर अॅडसेन्स न लावता सरळ तुमचं पीडीएफ आणि त्या दोन-तीन होमस्टेंची नावं टाका. परदेशातून पैसे घ्यायला गेटवेवर इंटरनॅशनल कार्ड वेगळं सुरू करून घ्यावं लागतं, तो अर्ज आजच भरून ठेवा, मंजुरीला वेळ लागतो.